तुर्भे परिसरातील आठवडे बाजार : उत्पादकाने काय पाहावे, काय मांडावे

तुर्भे येथे दोन तऱ्हेचे बाजार पाहावयास मिळतात. एक मध्यरात्र उलटली की जागा होतो. नाशिक, पुणे, साताऱ्याकडून आलेल्या भाजीपाल्याच्या गाड्या आवारात लागतात, हमालांची धावपळ सुरू होते आणि सकाळची उन्हे वर येईपर्यंत बहुतेक माल हातोहात निघून जातो. दुसरा बाजार दिवस कलल्यावर, कामगार घरी परतू लागले म्हणजे भरतो. त्यात गाळे नाहीत आणि लिलावही नाही. जमिनीवर अंथरलेली ताडपत्री, चार बांबूंवर ताणलेले पाल, एखादी पाटी आणि तागडी एवढ्यावरच तो उभा राहतो आणि रात्री उठून जातो.

पहिला बाजार म्हणजे मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे मुख्य आवार आणि दुसरा म्हणजे आठवडे बाजार. लहान शेतकरी, बुरूड, कुंभार, महिला बचत गट आणि रानभाजी आणणाऱ्या आदिवासी भगिनी यांनी आपला माल यांपैकी कोठे न्यावा, हा प्रश्न ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना वारंवार विचारला जातो. ‘थेट ग्राहकाला विका म्हणजे नफा होईल’, असे त्याचे उत्तर पुष्कळदा देण्यात येते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. आठवडे बाजारात नफा केव्हा होतो आणि केव्हा होत नाही, हे हिशेबाने समजून घेतल्याशिवाय कोणाही शेतकऱ्याला या मार्गाने जाण्याचा सल्ला देणे इष्ट नव्हे.

ठोक बाजाराची पार्श्वभूमी

ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यावरील या पट्ट्यात पूर्वी भातशेती, मिठागरे आणि मासेमारी हे व्यवसाय चालत. आगरी आणि कोळी समाजांची ही जुनी वस्ती होय. साठीच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने उभे राहू लागले. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसविण्याचे काम हाती घेण्यात आले. जी कुटुंबे पूर्वी भात, मीठ व मासळी विकत असत, त्यांपैकी कित्येक आता धान्य व भाजी विकत घेणारी झाली. येथील बाजाराचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी, कारण या गिऱ्हाइकाला माल पारखता येतो.

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती 1977 साली स्थापन झाली. मुंबई शहराच्या दाटीतून ठोक व्यापार बाहेर काढण्यास 1981 साली कांदा-बटाटा बाजारापासून आरंभ झाला आणि 1996 साली फळे व भाजीपाला येथे आल्यावर हे स्थलांतर पुरे झाले. लोक या आवाराला ‘वाशी मार्केट’ म्हणत असले, तरी ते तुर्भे हद्दीत आहे. कांदा-बटाटा, फळे, भाजीपाला, मसाला आणि धान्य असे त्याचे पाच भाग आहेत.

या बाजाराचा गुण असा की, तेथे कितीही माल येवो, त्याला गिऱ्हाईक मिळते. गाडीभर कोबी किंवा दोनशे गोणी कांदा एका सकाळी विकला जाण्याची सोय अन्यत्र सहसा नाही. मात्र ज्याच्याकडे तीन पाट्या वांगी आणि दोन पाट्या भेंडी आहे, त्या शेतकऱ्याच्या मालाकडे या रेट्यात कोणाचे विशेष लक्ष जात नाही. सूप, टोपली, पापड, कोकम, जवळा अशा थोडक्या व घरगुती मालाला तर तेथे जागाच नाही.

आठवडे बाजाराची जुनी रीत

आठवडे बाजार ही नवी कल्पना नव्हे. महाराष्ट्रातील पुष्कळ गावे त्यांच्या बाजाराच्या वारावरून ओळखली जातात, आणि पुण्याच्या सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार व रविवार या पेठांची नावेही वारांवरूनच पडलेली आहेत. बाजार रोज न भरता आठवड्याने का भरे, याचे कारण सरळ आहे. एका गावातील गिऱ्हाईक कुंभाराला रोज पुरेल एवढे नसे. शेजारच्या सहा-सात गावांनी वार वाटून घेतले म्हणजे कुंभार, बुरूड, कासार आणि मसाला विकणारा यांना प्रत्येक दिवशी एक नवे गाव मिळे. शेतकऱ्याला एकाच दिवशी आपले धान्य किंवा भाजी विकून त्याच पैशात मीठ-मिरची, दोरखंड आणि मडके घेऊन घरी परतता येई. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष महिन्यात भरणारी यात्रा गुरांसाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे, ती याच रीतीचे मोठे रूप होय.

या रीतीत एक शहाणपण दडलेले आहे. बाजारात नाशवंत माल आणि टिकाऊ माल शेजारी-शेजारी बसत. भाजीसाठी आलेली बाई जाताना सूप घेई आणि मडके घेण्यास आलेला माणूस जाताना मिरची घेई. एकाचे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या उपयोगी पडे. शहरातील आठवडे बाजारातही हेच तत्त्व लागू आहे.

कायद्यातील बदल

1963 च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायद्याने शेतमालाच्या विक्रीला नियमन आणले. त्यामुळे उघड तोलाई, उघड लिलाव आणि पैशांची हमी यांचा पाया घातला गेला. पुढे 2016 साली फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकण्यास मोकळीक देण्यात आली आणि आवारात या मालावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी असे ठरले. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचे अभियान राज्यात सुरू झाले. शेतकरी गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांनी शहरांत ठरलेल्या वारी व ठरलेल्या जागी थेट विक्री करावी, हा त्याचा उद्देश होय. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने या कामी पुढाकार घेतला.

रस्त्याच्या कडेला वाटेल तेथे पाल ठोकणे आणि नेमून दिलेल्या जागी बाजार भरविणे यांत मोठा फरक आहे. विनापरवाना बसलेल्या विक्रेत्याचा माल उचलला जाण्याची भीती असते, आणि त्यात दिवसाची कमाईच नव्हे, तर भांडवलही जाते. म्हणून गटाने महानगरपालिकेची परवानगी असलेल्या बाजारातच जागा मागावी. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा 2014 साली झाला आहे. त्याची माहिती कार्यकर्त्याने गटाला करून द्यावी.

हिशेबाचे उदाहरण

थेट विक्रीत भाव अधिक मिळतो, यात शंका नाही. परंतु भाव आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येक गटाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

एका शेतकऱ्याकडे 100 किलो भाजी आहे असे धरू. ठोक बाजारात त्याला किलोस 20 रुपये भाव मिळाला, तर 2,000 रुपये येतात. गावातील सामायिक गाडीतून पाठविल्यास वाहतुकीचे 200 रुपये आणि हमाली-तोलाईचे 50 रुपये वजा जाता हाती 1,750 रुपये राहतात. शेतकरी त्या दिवशी शेतावरच असतो.

तीच भाजी त्याने आठवडे बाजारात नेली आणि भाव किलोस 35 रुपये मिळाला असे समजू. सगळा माल या भावाने जात नाही. 75 किलो पुऱ्या भावाने गेला, म्हणजे 2,625 रुपये झाले. बाजार उठण्याच्या वेळी 15 किलो माल 15 रुपयांनी काढावा लागला, त्याचे 225 रुपये आले. उरलेला 10 किलो कोमेजून वाया गेला. एकूण 2,850 रुपये झाले. आता खर्च पाहू. गाडीचे 500, जागेचे 100, पिशव्यांचे 50 आणि चहा-जेवणाचे 100, असे 750 रुपये वजा जाता 2,100 रुपये राहिले. एवढ्यावर पुष्कळजण हिशेब थांबवितात आणि 350 रुपये जास्त मिळाले म्हणून समाधान मानतात. पण त्या माणसाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा सबंध दिवस गेला. त्याची मजुरी 400 रुपये धरली, तर हाती 1,700 रुपये उरतात. म्हणजे पावणेदोनपट भाव मिळूनही ठोक बाजारापेक्षा 50 रुपये कमीच पडले.

एखाद्या आठवड्यास ऐन बाजाराच्या वेळी पाऊस आला, तर गोष्ट आणखी बिकट होते. 50 किलो पुऱ्या भावाने गेला, 20 किलो 10 रुपयांनी काढला आणि 30 किलो फुकट गेला, तर सारा खर्च व मजुरी वजा जाता हाती केवळ 800 रुपये येतात.

आता याच फेरीत दोन बदल करून पाहावेत. शेतकऱ्याने भाजीबरोबर घरच्या गटाने केलेल्या पापडांची 20 पाकिटे नेली. सामान, इंधन व करणारणीची मेहनत वजा जाता प्रत्येक पाकिटामागे 25 रुपये सुटतात असे धरले, तर 500 रुपये वाढतात. गावातील बुरुडाने आपली सुपे व टोपल्या त्याच गाडीत घातल्या आणि भाड्याचे 200 रुपये सोसले. आता शेतकऱ्याच्या हाती मजुरी वजा जाता 2,400 रुपये राहतात, म्हणजे ठोक बाजारापेक्षा 650 रुपये अधिक. पापडांची 20 पैकी 12 च पाकिटे गेली, तरी उरलेली 8 पुढच्या आठवड्यास पुन्हा मांडता येतात. ती भाजीप्रमाणे फेकून द्यावी लागत नाहीत.

यावरून निघणारा बोध स्पष्ट आहे. आठवडे बाजारात ताजी भाजी गिऱ्हाईक आणते आणि टिकाऊ वस्तू दिवसाचा खर्च भरून काढते. नुसती भाजी घेऊन जाणारा शेतकरी भाव चांगला मिळूनही पुष्कळदा रिकाम्या हाताने परततो. नुसत्या टोपल्या घेऊन बसलेल्या बुरुडाकडे गिऱ्हाईक वळत नाही. दोघे एका पालाखाली आले म्हणजे दोघांचेही भागते. एकाच पिकाचा गाडीभर माल असेल, तर तो निःशंकपणे ठोक बाजारात न्यावा. त्यासाठी आठवडे बाजार नव्हे.

कोणता माल मांडावा

तुर्भे परिसरात खपण्याजोगा माल पनवेल, कर्जत, मुरबाड, शहापूर व अलिबाग या जवळच्या तालुक्यांत पुष्कळ आहे.

*पांढरा कांदा :* अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तो सुट्या गोणीत न विकता पातीसह वेणी घालून माळांनी विकतात. माळ टांगून ठेवता येते, कांद्याला चोहोबाजूंनी हवा लागते आणि तो अधिक काळ टिकतो. शेतमालाला हाताच्या कसबाची जोड मिळाली म्हणजे त्याची किंमत कशी वाढते, याचे हे घरचेच उदाहरण होय.

*रानभाज्या :* मृगाच्या सरी पडल्या की शेवळे येतात. त्यांच्या पाठोपाठ टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी व करटोली या भाज्या निघतात. कातकरी व ठाकर भगिनींना त्यांची पारख उत्तम असते. शेवळ्याने घसा खाजतो, म्हणून ते काकडाची फळे किंवा चिंचेसारखा आंबट पदार्थ घालूनच शिजवितात. शहरातील नव्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसते. काकडाची फळे शेवळ्याच्या जुडीबरोबरच द्यावीत आणि करण्याची रीत दोन वाक्यांत सांगावी. एकदा घसा खाजलेले गिऱ्हाईक पुन्हा त्या पालाकडे फिरकत नाही. रानभाजी खुडताना कंद जमिनीत राखावा, म्हणजे पुढील वर्षीही ती मिळते. अनोळखी किंवा शंकास्पद वनस्पती विक्रीस कधीही आणू नये.

*बुरूडकाम :* सूप, रोवळी, टोपली, करंडी यांना शहरातही मागणी आहे. मात्र कोवळ्या बांबूच्या वस्तूंना लवकर भुंगा लागतो. तीन ते चार वर्षांचा पक्व बांबू वापरावा. तो काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवल्यास त्यातील पिष्ट कमी होते आणि किडीचा उपद्रवही घटतो. विणलेली वस्तू पुरी सुकल्याखेरीज बाजारात आणू नये. ओली टोपली गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बुरसते आणि बुरुडाचे नाव जाते.

*मातीची भांडी :* माठ, परळ, पणत्या, तवे यांना हंगामाप्रमाणे मागणी असते. माठाची विक्री उन्हाळ्याच्या आरंभी आणि पणत्यांची दिवाळीपूर्वीच्या दोन-तीन बाजारांत होते. भांडे वाजवून दाखवावे. खणखणीत आवाज आला म्हणजे ते पक्के भाजलेले असून त्याला चीर नाही, अशी गिऱ्हाइकाची खात्री पटते.

*सुकी मासळी :* जवळा वाळूवर सुकविल्यास त्यात कचकच राहते. तो जमिनीपासून उंच बांधलेल्या मांडवावर, जाळी अंथरून सुकविल्यास स्वच्छ निघतो आणि त्याला भावही बरा येतो. सुकी मासळी इतर खाद्यपदार्थांपासून अंतरावर व झाकून ठेवावी.

*घरगुती खाद्यपदार्थ :* तांदळाचे पीठ, पापड, कुरडया, सांडगे, कोकम, आगळ आणि आगरी-कोळी पद्धतीचा मसाला यांना या भागात बारमाही गिऱ्हाईक आहे. विक्रीसाठी खाद्यपदार्थ करणाऱ्यांना 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. लहान उत्पादकांसाठी ही पद्धत सोपी ठेवलेली आहे. प्रत्येक पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, वजन, तयार केल्याची तारीख, टिकण्याची मुदत, किंमत व गटाचे नाव-पत्ता मराठीत स्पष्ट लिहावा. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत, कारण शाई अन्नास लागते. राज्यात 2018 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी असल्याने गिऱ्हाइकास कापडी पिशवी आणण्याची सवय लावावी.

वजनमाप व बोलणे

भाजीवाला ‘दांडी मारतो’ हा समज शहरात खोल रुजलेला आहे. उत्पादकाने तो खोटा ठरविला, तर त्याहून मोठी जाहिरात दुसरी नाही. काटा वैध मापन यंत्रणेकडून पडताळून मुद्रांकित करून घ्यावा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करावी लागते. काट्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे ठेवावे. वाट्यावर विक्री करावयाची असल्यास सर्व वाटे सारखे लावावेत आणि वरच्या थरात चांगला व खालच्या थरात किडका माल घालण्याचा मोह टाळावा.

प्रत्येक वस्तूचा भाव पाटीवर खडूने लिहावा. मोबाइलवरून पैसे घेतल्यास ते जमा झाल्याची खूण स्वतःच्या यंत्रावर पाहूनच माल द्यावा. उधारी ठेवू नये. या आठवड्याचे गिऱ्हाईक पुढील आठवड्यास त्याच ठिकाणी भेटेलच, याची शाश्वती नसते.

मालाची तयारी

पालेभाजी सकाळच्या थंड वेळी काढून लगेच सावलीत न्यावी. जुड्या सारख्या बांधाव्यात व ओलसर गोणपाटाने झाकाव्यात. वांगी, भेंडी, काकडी यांची प्रतवारी शेतावरच करावी आणि वाहतुकीस गोणीऐवजी क्रेट वापरावेत. गोणीत दबलेला माल संध्याकाळपर्यंत मऊ पडतो आणि हिशेबातील वाया जाणारे 10 किलो पाहता-पाहता 20 किलो होतात. नाशवंत माल नेताना खपेल असे वाटते त्याहून थोडा कमीच न्यावा. बाजार उठण्यापूर्वी भाजी संपली, तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी लवकर येते. उरली, तर ते रात्री भाव पडण्याची वाट पाहावयास शिकते.

पाहणी कशी करावी

प्रत्यक्ष विक्री सुरू करण्याआधी कार्यकर्त्याने गटातील चार-पाच जणांना घेऊन बाजाराला भेट द्यावी. ही भेट करमणुकीची सहल होऊ नये. वही-पेन्सिल बरोबर असावी आणि बाजार तीन वेळा पाहावा : पाले लागत असताना, गर्दी भरात असताना आणि बाजार उठत असताना.

पहिल्या वेळी कोणता माल कोठून आला आहे, किती विक्रेते स्वतः उत्पादक आहेत आणि किती ठोक बाजारातून आणून विकणारे आहेत, हे विचारून घ्यावे. तुर्भ्याचे ठोक आवार जवळ असल्याने येथील कित्येक विक्रेत्यांची भाजी तेथूनच आलेली असते. त्यांच्याशी नुसत्या भावाने स्पर्धा करणे लहान शेतकऱ्याला परवडणारे नाही. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी तोडलेला ताजा माल आणि त्याविषयी स्वतः माहिती देणारा शेतकरी या दोन गोष्टी दुसऱ्या विक्रेत्याकडे नसतात. उत्पादकाची मदार त्यांवर असावी.

दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक पाहावे. ते किती घेते, काय विचारते, कशापुढे थांबते आणि काय न घेता पुढे जाते, याची नोंद करावी. शहरातील लहान कुटुंब पाच किलोची गोणी घेत नाही. त्याला अर्ध्या किलोचे पाकीट हवे असते.

तिसऱ्या वेळी, बाजार उठताना, कोणाच्या पाट्या रिकाम्या झाल्या आणि कोणाच्या भरलेल्याच परत निघाल्या, ते पाहावे. भाव कितीने उतरले, तेही लिहावे. गर्दीच्या वेळी पाहणाऱ्याला सर्वच विक्रेते नफ्यात असल्याचे वाटते. बाजाराचे खरे चित्र शेवटच्या तासातच दिसते. अशी पाहणी निदान चार आठवडे करावी, कारण महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील खरेदी आणि अखेरच्या आठवड्यातील खरेदी यांत फरक असतो.

हस्तव्यवसाय करणाऱ्यांनी बेलापूर येथील सिडकोचे अर्बन हाट हेही अवश्य पाहावे. तेथे निरनिराळ्या प्रांतांतील कारागीर आपल्या वस्तू मांडतात. मांडणी, किमतीच्या चिठ्ठ्या व बांधणी यांविषयी तेथे पुष्कळ शिकावयास मिळते.

गटाने पाळावयाचे नियम

विक्री सुरू केल्यावर एक वही ठेवावी. तिच्यात आणलेला माल, विकलेला माल, परत गेलेला किंवा वाया गेलेला माल, आलेले पैसे, झालेला खर्च आणि बसलेल्या माणसाची मजुरी असे सहा रकाने असावेत. मजुरीचा रकाना रिकामा ठेवू नये. घरच्या बाईने किंवा मुलाने दिवसभर उभे राहून केलेली विक्री फुकट धरली, तर तोट्याचा धंदाही फायद्याचा भासतो आणि त्या तोट्याचा भार त्यांच्याच अंगावर पडतो.

विक्रीस बसण्याची पाळी आळीपाळीने लावावी. महिला बसणार असतील, तर परतीच्या गाडीची, पिण्याच्या पाण्याची व स्वच्छतागृहाची सोय आधी पाहावी. आठ आठवड्यांनी वही सर्वांसमोर वाचावी. ज्या वस्तूने खर्च भरून काढला नाही ती बंद करावी आणि जी संपून गिऱ्हाईक विचारीत राहिले ती वाढवावी.

सर्वांत महत्त्वाचा नियम वार पाळण्याचा आहे. पाऊस थोडा असो, माल थोडा असो, ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी गटाचे पाल लागले पाहिजे. दोन आठवडे जागा रिकामी दिसली की गिऱ्हाईक दुसरीकडे वळते आणि ते पुन्हा मिळविण्यास दोन महिने लागतात. भाजी कमी असेल त्या आठवड्यास टोपल्या, पापड आणि पीठ मांडावे. ज्या गटाजवळ टिकाऊ माल आहे, त्यालाच वार पाळणे शक्य होते. म्हणून पहिल्या फेरीपूर्वीच कार्यकर्त्याने गावात कोणाच्या हाती कोणते कसब आहे याची यादी करावी आणि एका गाडीत भाजीबरोबर आणखी काय घालता येईल, ते गटाबरोबर बसून ठरवावे.